ह्यांना सांगू नका

डबीचं झाकण नीट बसत नव्हतं. फिकट निळी प्लास्टिकची डबी, आत ओल्या कापसावर कवळी. वरची पट्टी खालच्या पट्टीवरून किंचित सरकलेली, त्यामुळे झाकण एका बाजूनं उचललेलंच राहायचं, आणि त्या फटीतून ते दात हसू दाबून धरल्यासारखे दिसायचे. सुभाषनं अंगठ्यानं झाकण दाबलं. ते परत वर आलं. सकाळी सिस्टरनं ती डबी त्याच्या हातात दिली तेव्हा म्हणाली होती, "अंकल, सँभाल के रखना, पापाजी के दाँत हैं," आणि त्यानं नुसती मान हलवली होती. पापाजी. माझे नाहीत ते... माझ्या बायकोचे. आणि ती तर... पण एवढं कुणाला सांगत बसायचं? या दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक म्हातारा कुणाचा तरी पापाजीच होता.

मांडीवर डबी आणि पायाशी पिशवी. पिशवीत टोपडी, दुपटी, अंगठ्याएवढे लोकरीचे मोजे. ती वर जायची होती, तिसऱ्या मजल्यावर, शर्वरीकडे. शर्वरी त्याची एकुलती एक मुलगी. बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आलेली, सिझर झालेलं, मुलगी झालेली. आणि खाली, जवळजवळ तिच्याच खाटेच्या खालच्या खाटेवर, तिचे आजोबा, सुभाषचे सासरे सदाशिवराव — ज्यांना घरात सगळे नाना म्हणत — न्यूमोनियातून उठून बसलेले. दोघांनाही आजच सोडणार होते. फाइली खाली गेल्या होत्या. त्या वर येईपर्यंत थांबायचं. सकाळपासून जो भेटेल तो हेच म्हणत होता, "अरे वा, दोन-दोन छुट्टियाँ एक साथ! डबल खुशी!" आणि सुभाष प्रत्येकाला तेवढ्याच रुंदीचं हसू देत होता. मग ते हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागायचा, सुकलेला डिंक निघावा तसं.

खिडकीतून हबीबगंज स्टेशनचं नवं छत दिसत होतं, जानेवारीच्या उन्हात पांढरं पडलेलं. स्टेशनचं नाव बदलून काही वर्षं झाली तरी त्याच्या तोंडी हबीबगंजच यायचं. नानांच्या मात्र नवं नाव लगेच रुळलं. नानांना सगळं लगेच रुळतं. नागपूरहून कोवळ्या वयात सचिवालयाबरोबर भोपाळला आले, रुळले. चार इमलीच्या सरकारी बंगल्यात राहिले, रुळले. बंगला सुटल्यावर अरेरा कॉलनीत घर बांधलं, रुळले. बायको गेली, रुळले. आणि मुलगी गेली...

तिथं त्याचं मन नेहमीसारखं थांबलं आणि नेहमीसारखं पुढे गेलं. मुलगी गेली तेव्हासुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले, पोह्यांवर शेव घातली, आणि हेच दात... हीच पट्टी... त्या शेवेचा आवाज सुभाषच्या कानात पाच वर्षं होता. कुरकुर, मग थांबणं, मग घोट, मग पुन्हा कुरकुर. एक माणूस जिवंत असल्याचा आवाज. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे शेवेची बरणी, आणि तिसरी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. "आज थंडी आहे." "हो, आहे." "दूधवाला आला?" "आला." पाच वर्षांत याच्यापलीकडे ते बोलले नव्हते, आणि याच्यापलीकडचं जे होतं ते रोज दोघांच्या मधे वाढून ठेवलेलं असायचं, झाकून.

दुपारी कोलार रोडवरून गाडी येणार होती.

तिथं एका आडगल्लीत वृद्धांना ठेवून घेणारं एक घर होतं. पुढे बाग, आत चार-पाच खाटा, दिवसरात्र नर्स. परवा सुभाष एकटाच जाऊन बघून आला होता. खोली ठरवून आला. नानांना सांगितलं नव्हतं, शर्वरीला सांगितलं नव्हतं. महिनाभरासाठी, असं त्यानं तिथल्या बाईंना सांगितलं, आणि सांगतानाच त्याला कळलं होतं की महिना हा शब्द आपण दार ओढून घ्यायला वापरतोय. घर नानांचं होतं. फाटकावर पाटी नानांच्या नावाची. बायकोला, मंजूला, वडिलांजवळ राहायचं होतं म्हणून सुभाषनं पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडलं आणि तो सासऱ्याच्या घरी राहायला आला. आता मंजू नव्हती आणि तो होता, आणि तो घराच्या मालकाला घराबाहेर काढणार होता. गंमत म्हणजे... नाही, गंमत नव्हती यात. पण कारण इतकं स्वच्छ होतं की ते त्याला खिशातल्या धुतलेल्या रुमालासारखं वाटत होतं. मधूनमधून हात लावून बघावासा.

बाळाची डॉक्टर म्हणाली होती, "सर्दी-खाँसी वालों से बच्ची को दूर रखिए." ती हे सगळ्यांनाच म्हणत असेल. आणि काल संध्याकाळी छातीचे डॉक्टर नानांना तपासून बाहेर आले तेव्हा त्यानं त्यांना गाठून विचारलं, ते म्हणाले, "अब कोई डर नहीं है. हाथ धोएँ, कुछ दिन मास्क लगा लें, बस. धूप में बैठाइए, बच्ची को देखेंगे तो और जल्दी सँभलेंगे." दोन्ही खरं होतं. सुभाषनं दोनांतलं एक उचललं. माणूस भाजी घेताना करतो तेवढंच.

खरं तर त्याचं ठरत नव्हतं. ठरलं ते मुलगी झाल्याची बातमी घेऊन तो खाली आला तेव्हा. नानांच्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. तो वाकून म्हणाला, "नाना, शर्वरीला मुलगी झाली." नानांनी हातानं मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाले, "मंजू परत आली."

मंजू परत आली.

म्हणजे हिशेब मिटला. गेली होती, आली. जशी चार दिवस नागपूरला जाऊन यावी... सुभाष खाटेचा दांडा धरून उभा राहिला आणि त्या दांड्याचा गारवा त्याच्या दंडापर्यंत चढत गेला. ती तुमच्या परवानगीनं गेली नव्हती, तुमच्या परवानगीनं परत यायला. ती गेली कारण तुम्हाला पत्ते खेळायचे होते.

एप्रिलचा महिना होता. कोरोना कर्फ्यू. रस्त्यावर कुत्री सोडून कुणी नाही, आणि नाना मागच्या दारानं, बोळातून, शेजारच्या नीळकंठरावांकडे रमी खेळायला जायचे. रोज. सुभाषला ते कळलं ते नाना खोकायला लागल्यावर, नीळकंठरावांच्या घरासमोर ॲम्ब्युलन्स उभी राहिल्यावर. नानांना चार इमलीच्या काळातल्या कुणाच्या तरी मुलानं फोन करून खाट मिळवून दिली. पण त्याआधी ते मागच्या खोलीत होते आणि मंजू त्यांचं करत होती. ओढणीनं नाक बांधून आत-बाहेर, आत-बाहेर. मी म्हटलं, मी जातो आत. ती म्हणाली, तुम्हाला नाही जमायचं, त्यांना माझी सवय आहे. मी दाराशी उभा होतो, मी पाहत होतो, माझ्या हातात ते बोटाला लावायचं यंत्र होतं आणि मी ते घेऊन नुसता... मग तिला ताप आला. नाना बरे होऊन परत आले त्या दिवशी तिच्यासाठी मी फोन करत होतो, आणि पलीकडून प्रत्येक आवाज मला बहनजींचं वय विचारत होता. तिला खाट मिळाली तेव्हा ती खाटेपुरतीच उरली होती. भदभद्याच्या स्मशानात मी एकटा. ते प्लास्टिकचे कपडे, आत घाम, आणि लांबून, इतक्या लांबून की ती कुणीही असू शकली असती... घरी आलो, अंगणात नळाखाली आंघोळ केली. नाना पडवीत उभे होते. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी म्हणेल. रडेल. मला मारेल तरी. नाना म्हणाले, "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठं ठेवायची ती?"

सुभाषनं गोळ्या शोधून दिल्या होत्या. फ्रिजवर, स्टीलच्या डब्यात होत्या.

"बाबा!" फोनवर शर्वरी. "पिशवी आणता ना? हिला गुंडाळायचंय. आणि नानांचं झालं का?"

तो उठला. डबी खिशात घातली. लिफ्टसाठी थांबला नाही, जिन्यानं गेला. चढताना त्याला आपली पावलं हलकी वाटली आणि त्याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही.

शर्वरी खाटेवर बसली होती, पाठीला उशा, केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला आणि उजळ. तिचा नवरा आशय खुर्चीत फोनवर काहीतरी बघत होता. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, लाल, मुठी आवळलेल्या, कुणावर तरी रागावून झोपल्यासारखं. सुभाषनं पिशवी ठेवली. बाळाकडे बघितलं. मंजूसारखं काहीच नव्हतं त्यात. कुणासारखंच नव्हतं. त्याला बरं वाटलं.

"एकाच गाडीत जाऊ सगळे," शर्वरी म्हणाली. "नानांना पुढे बसवू. आशय, तू ऑटोनं ये यार, सामान घेऊन. आणि बाबा, घरी पोचल्या-पोचल्या नानांच्या मांडीवर द्यायची हिला. नावही नानाच ठेवणार आहेत. मी पक्कं प्रॉमिस केलंय त्यांना."

"नाना घरी येत नाहीयेत."

त्यानं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की तिला आधी कळलंच नाही. "मतलब? आज नाही सोडणार?"

"सोडणार आहेत. पण डॉक्टर म्हणाले, खोकला असलेल्या माणसाला बाळाच्या जवळ ठेवू नका. कोलार रोडला एक जागा बघून ठेवलीय मी. चांगली आहे. महिनाभर."

"कुठले डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले."

"बाबा, त्यांना विचारलंत तुम्ही? त्यांचं घर आहे ते!"

"आणि ही तुझी मुलगी आहे," सुभाष म्हणाला. आवाज चढवला नाही. "न्यूमोनिया झालाय त्यांना. आपल्या घरात एकदा काय झालंय ते तुला माहीत आहे. माझं काही म्हणणं नाही. तू म्हणत असशील तर आणू घरी. तू सांग."

आशयनं फोनमधून डोकं वर काढलं. "बाबांचं बरोबर आहे, शर्वरी. रिस्क कशाला?"

शर्वरीचा हात बाळावर आला. मुद्दाम नाही, तिच्या नकळत. पंजा उघडून तिनं बाळाचं डोकं झाकलं, जणू खोलीच्या छतातून काहीतरी खाली पडणार होतं. सुभाषनं तो हात बघितला आणि त्याला कळलं की आपण जिंकलो. इतक्या सहज. आईच्या पोटातली भीती, तिला नुसतं बोट लावायचं होतं. त्याच्या छातीत काहीतरी गरम पसरलं, आणि त्याची त्याला लाज वाटायला हवी होती. त्यानं लाजेची वाट पाहिली. ती आली नाही.

"मी नाही सांगणार त्यांना," शर्वरी म्हणाली. ती रडत होती, पण त्याच्याकडे बघत होती; आणि त्या बघण्यात मंजूचं काही नव्हतं, नानांचं होतं. फायलीत चूक सापडलेल्या अधिकाऱ्याची नजर. "तुम्हीच सांगा. आणि बाबा... तुम्हाला ना, आनंद होतोय. दिसतोय मला."

तो खाली आला.

नाना तयार होऊन चाकांच्या खुर्चीत बसले होते. जुना करडा कोट, मफलर, पायात मोजे. कुणीतरी त्यांचे केस विंचरून दिले होते, पाणी लावून, शाळेत जाणाऱ्या मुलासारखे. दातांवाचून तोंड आत गेलेलं. गाल, हनुवटी, सगळं एका भोकाकडे ओढलेलं. सुभाषला वाटलं, असंच बोलू द्यावं यांना, दातांशिवाय. पण नानांनी हात पुढे केला होता. त्यानं डबी दिली. नानांनी सावकाश, त्याच्याकडे पाठ न करता, एकेक पट्टी बसवली, जबडा दोनदा मिटून बघितला, आणि त्या सुरकुत्यांमधून सचिवालयातले अवर सचिव वर आले.

"बसा, सुभाषराव."

जावयाला ते नेहमी अहोजाहो करत. लग्न ठरल्या दिवसापासून. त्यात आदर किती आणि अंतर किती हे सुभाषनं पहिल्याच वर्षी मोजून सोडून दिलं होतं. तो बसला नाही.

"नाना, डॉक्टरांचं म्हणणं आहे की बाळ फार लहान आहे. तुम्हाला अजून खोकला आहे. तर महिनाभर तुम्ही वेगळं राहिलात तर बरं. कोलार रोडला जागा आहे. नर्स आहे, बाग आहे. मी बघून आलोय."

"कोणत्या डॉक्टरांचं म्हणणं?"

"बाळाच्या."

"आणि माझ्या डॉक्टरांचं?"

सुभाषनं खाटेवरची चादर ओढून सरळ केली.

"त्यांना मीही विचारलं," नाना म्हणाले. "काल रात्री पुन्हा आले होते. मला बाळाला बघायचं होतं ना, म्हणून विचारलं. हात धुवा आणि बघा, म्हणाले."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं; त्याचं एक चाक किरकिरत होतं. सुभाषनं अंग ताठ केलं. आता हा माणूस म्हणेल, घर माझं आहे. म्हणू दे. म्हणच. पाच वर्षं मी याचीच वाट पाहतोय. तू घर म्हण, मग मी बोलतो, मग मला कुणी थांबवणार नाही...

"गाडी केव्हा येणार?" नानांनी विचारलं.

"जेवणं झाली की."

"बरं."

एवढंच. नानांनी मफलरचं टोक कोटाच्या आत सारलं. आणि सुभाषला पायरी चुकल्यासारखं झालं, जिथं जमीन असायला हवी होती तिथं पाऊल खाली गेलं. नाना त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता.

"तुमच्या जागी मी असतो ना सुभाषराव, तर पाच वर्षं थांबलो नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कळतं ते. रोज समोर बसता. मी घास चावतो तेव्हा बघता माझ्याकडे. मला कमी दिसतं, पण एवढं कमी नाही दिसत."

आणि मग ते वाक्य, जे सुभाषनं रात्रीच्या रात्री घासून धारदार करून ठेवलं होतं, ज्याची सुरुवात तो कधी इथून करायचा, कधी तिथून, ते शेवटी बाहेर आलं. आणि बाहेर आल्यावर ते केवढंसं होतं. एखाद्या मुलानं मोठ्यांकडे तक्रार करावी तेवढं.

"सगळं बंद होतं आणि तुम्ही पत्ते खेळायला जात होता."

"जात होतो."

"मागच्या दारानं. चोरून."

"तुमच्यापासून चोरून," नाना म्हणाले. मग थोडे थांबले, श्वास घेतला, छातीत घरघर झाली ती निवू दिली. "मागच्या दाराची कडी कुठं आहे, माहीत आहे ना? वर. चौकटीला. माझा खांदा धरल्यापासून माझा हात तिथं पोचत नाही. त्या एप्रिलच्याही आधीपासून. कोण काढत होतं ती कडी?"

सुभाषची नजर त्यांच्या खांद्यावर गेली.

"मंजू काढायची. मी आलो की लावायची. जाताना खिशात बडीशेपेची पुडी द्यायची, नीळकंठला लागते म्हणून. म्हणायची, घरात बसून तुम्ही कोमेजून जाल नाना, या जाऊन तासभर. आणि ह्यांना सांगू नका."

ह्यांना. नानांनी तो शब्द जरा लांबवला, शेवटी किंचित वर नेला, आणि खोलीत क्षणभर ती होती. तिचा तो 'ह्यांना', जो ती शेजारणीशी बोलताना, बहिणीशी फोनवर बोलताना म्हणायची, थोडा लाडाचा, थोडा कंटाळ्याचा... कुणाला ऐकून असा उचलता येत नाही तो. की येतो? या माणसानं तीस वर्षं मंत्र्यांच्या पुढे फायली फिरवल्या आहेत. कोणता कागद कधी वर काढायचा हे याच्याइतकं...

"खोटं आहे."

"असेल," नाना म्हणाले. "ठेवा तसं."

"इतकी वर्षं नाही सांगितलंत. आत्ताच का सांगता?"

"तुम्ही मला घालवताय. जाताना बरोबर काय न्यायचं आणि तुमच्याकडे काय ठेवून जायचं, ते माझं मी ठरवीन."

खुर्ची ढकलायला माणूस आला. फाइल वर आली होती. सुभाषनं दाखवतील तिथं सह्या केल्या. लिफ्टमध्ये तो नानांच्या मागे उभा होता. त्यांच्या मानेवरची विंचरलेली पांढरी केसांची रेघ त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तो त्या एप्रिलमधल्या दुपारी एकेक करून उघडत होता. जेवण झालं की ती म्हणायची, पडा हो जरा. खोलीचे पडदे ओढायची. पंखा एकवर ठेवायची, म्हणजे आवाज कमी. दार अलगद लोटून घ्यायची. तिच्या जाण्यानंतर सुभाषला दुपारी झोप लागायची नाही तेव्हा तो तेच आठवायचा. तो लोटलेल्या दाराचा आवाज, तेवढी एकच गोष्ट त्यानं जपून ठेवली होती, कुणाला सांगितली नव्हती. आपली काळजी वाहणाऱ्या माणसाचा आवाज म्हणून... आणि आता तो दाराच्या पलीकडे गेला होता. तिथं ती टाचा उंचावून कडी काढत होती. वडील चपला हातात घेऊन उभे. दोघं हसत असतील का? बोटांनी खुणा करत असतील का, हा झोपला म्हणून? मी तुला काय केलं असतं मंजू? ओरडलो असतो. एवढंच ना? ओरडलो असतो आणि तू आज...

खाली पोर्चमध्ये ऊन होतं. शर्वरीही चाकांच्या खुर्चीत होती, बाळ तिच्या शालीत. आशय गाडीत सामान लावत होता. ऑटोचा बेत मोडला होता. आता पुढची जागा रिकामीच होती. दोन खुर्च्या एकमेकींसमोर आल्या, आणि नानांनी मफलर नाकावर ओढून तोंड फिरवलं. पार्किंगकडे.

"नाना," शर्वरी म्हणाली. "बघा तरी. लांबून बघा."

"नको बेटा. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी ते इतकं निर्मळ म्हटलं की सुभाषला घाम फुटला. त्याचं खोटं नानांनी उचलून, झटकून, आपल्या अंगावर घातलं होतं आणि ते त्यांना त्याच्यापेक्षा शोभत होतं. शर्वरी आता उघड रडत होती. बाळ जागं झालं, तेही रडायला लागलं, बारीक, कर्कश, थांबून थांबून. नानांची मान हलली नाही. पण मांडीवरचा त्यांचा हात त्या प्रत्येक रडण्याबरोबर किंचित उघडत होता आणि मिटत होता, आणि सुभाष तो हात बघत होता आणि त्याला दया येत नव्हती.

"मग नाव? नाव तर सांगून जा."

"ते सुभाषरावांना विचार," नाना पार्किंगकडे बघत म्हणाले. "ते म्हणतील ते."

म्हणजे हेही. हेही माझ्या हातात ठेवून चालला हा माणूस. आता मी तिला मंजू म्हटलं तरी, आणि नाही म्हटलं तरी... कोणती मंजू? माझ्याकडे एकच होती. सकाळपर्यंत.

कोलार रोडची पांढरी गाडी फाटकातून आत आली आणि वळसा घेऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला, हातातल्या फोनकडे बघून त्यानं विचारलं, "सदाशिवरावजी कौन हैं? चलें, अंकल?"

"रुको," सुभाष म्हणाला.

ड्रायव्हर थांबला. आशय डिकीचं झाकण धरून थांबला. शर्वरीनं रडं आवरून वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं होतं. बाबांना पाझर फुटला असं तिला वाटत असणार. वाटू दे. सुभाषला तिला काही समजावायचं नव्हतं. तो आपला राग शोधत होता, जिथं तो रोज असायचा त्या जागी. आणि राग होता, तसाच होता, पण त्याला आता दोन तोंडं होती, आणि त्यातलं एक राखेत जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याला कुठं गाठायचं? फक्त एकच माणूस होता ज्याच्याकडे ती अजून शिल्लक होती, सुभाषला न सांगितलेली, न दिसलेली. आणि तो माणूस त्याच्यासमोर कोट घालून, तोंड फिरवून बसला होता, घरघरत श्वास घेत. आणखी काय सांगू नका म्हणाली होती ती? कधीपासून? हसून म्हणायची की घाबरून? नाना सांगणार नाहीत. विचारलं तर मुळीच सांगणार नाहीत. वर्षातून एकदा, त्यांना वाटेल तेव्हा, पोह्यांवर शेव घालताना एखादं वाक्य टाकतील आणि घास चावत त्याच्याकडे बघत बसतील. आणि तो समोर बसून राहील. हिवाळे काढील. त्यांना औषधं देईल, छाती शेकून देईल, रात्री उठून श्वास चालू आहे ना बघेल. हा माणूस जगायला हवा, असं सुभाषला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, आणि त्या वाटण्यात मायेचा एक थेंबही नव्हता.